बटण दाबलं की सिंह चालत नाही

ठाण्यातल्या पालकांच्या ग्रुपांवर सध्या एक लांबलचक फॉरवर्ड फिरतोय. डिस्नेने हाताची चित्रं सोडून कॉम्प्युटर धरला, त्यावरून चाहत्यांचा जुना वाद आहे. तो अर्धामुर्धा ऐकून कुणीतरी हे लिहिलंय. सार असं: 'लायन किंगपर्यंत सगळं शुद्ध हाताचं होतं. मग कॉम्प्युटर आला, आता बटण दाबलं की पात्र चालतं. हाताचे सिनेमे पडले म्हणून कंपनीने ते बंद केले. तेव्हा मुलांच्या चित्रकलेवर पैसे घालवू नका, थेट सॉफ्टवेअर शिकवा.'

चाहत्यांनी आपसात काय भांडायचं ते भांडावं. पण हा फॉरवर्ड वाचून आमच्याच सोसायटीतल्या आठवीच्या एका मुलीचा चित्रकलेचा क्लास बंद झाला आणि 'तीन महिन्यांत थ्रीडी अॅनिमेटर'ची चौकशी सुरू झाली, म्हणून हे लिहितोय.

'शुद्ध हाताचं' हे आधी उरकू. 'लायन किंग' 1994 चा. त्याच्या रेषा कागदावर पेन्सिलीने काढल्या, हे खरं. पण 1990 च्या 'रेस्क्यूअर्स डाउन अंडर'पासूनच डिस्नेत सेलवर, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या पानावर, ब्रशने रंग लागत नव्हता. कागद स्कॅन व्हायचा आणि पिक्सार या कॉम्प्युटर अॅनिमेशनच्या कंपनीसोबत बनवलेल्या 'कॅप्स' या यंत्रणेत रंगायचा. दरीतून उधळणारा विल्डबीस्टचा कळप तर कॉम्प्युटरवरच बनलेला. आणखी मागे जायचं तर 1961 चे 101 डाल्मेशियन. तोवर प्रत्येक रेष सेलवर शाईने गिरवली जायची आणि हे काम बहुतेक बायका करायच्या. त्या सिनेमात पेन्सिलीची रेष झेरॉक्सने थेट सेलवर उतरवली, नाहीतर इतक्या कुत्र्यांचे इतके ठिपके कोण गिरवत बसणार होतं? थोडक्यात, यंत्र घरात शिरल्याला साठ वर्षं होऊन गेली. 'हाताचं तेवढं पवित्र' म्हणणाऱ्या चाहत्यांनीही हे ऐकून ठेवावं.

आता ते बटण. या एका वाक्याने जेवढं नुकसान होतंय तेवढं बाकी सगळ्यांनी मिळून होत नाही.

सिनेमा सेकंदाला 24 फ्रेमचा. हाताच्या कामात बहुधा एक चित्र दोन फ्रेम धरतात, म्हणजे सेकंदाला 12 चित्रं. कॉम्प्युटरवर अॅनिमेटर मुख्य पोज देतो, त्यांना 'की' म्हणतात, आणि मधल्या फ्रेम मशीन भरतं. लोकांना वाटतं ते बटण हेच. मग साधा उसळणारा चेंडू करून बघा. फ्रेम 1 ला चेंडू वर, 13 ला जमिनीवर, 25 ला पुन्हा वर. तीन की दिल्या आणि प्ले केलं, तर चेंडू जमिनीपाशी येता येता हळू होतो आणि लोण्यात बसावा तसा टेकतो. कारण मशीनला गुरुत्वाकर्षण माहीत नाही, ते दोन कींमध्ये गुळगुळीत वक्र काढून मोकळं होतं. ग्राफ एडिटर, म्हणजे हालचालीचा वक्र दाखवणारी खिडकी, तिच्यात 13 व्या फ्रेमची दोन्ही हँडल, म्हणजे वक्राचा उतार ठरवणाऱ्या दांड्या, एकमेकींपासून तोडून तिथे वक्र टोकदार करावा लागतो, वरच्या टोकाला मात्र गोलाई ठेवावी लागते. पुढची प्रत्येक उसळी आधीपेक्षा बुटकी आणि कमी फ्रेमची. आपटताना चेंडू चेपायचा तर उंची 80 टक्क्यांवर आणली की रुंदी आणि जाडी दोन्ही साधारण 112 टक्के हवीत, नाहीतर चेंडूतली हवाच गेल्यासारखी दिसते. शिकाऊ पोरं कागदावरच्या सवयीने 125 टक्के करतात. कागदावर ते बरोबर असतं, कारण तिथे जाडी नसते.

हा नुसता चेंडू झाला. मान डावीकडून उजवीकडे वळवायला दोनच की दिल्या तर डोकं टेबलफॅनसारखं आडवं फिरतं. मध्ये हनुवटी जराशी खाली नेणारी पोज लागते, डोळे मानेच्या दोन-तीन फ्रेम आधी वळावे लागतात, वळताना पापणी लवावी लागते. मनगट अर्धा फेरा फिरवलं की हाताची कातडी चॉकलेटच्या कागदासारखी पिळवटते, कारण सगळा पीळ एकाच सांध्यावर येतो. मग पात्राचा सांगाडा, म्हणजे रिग, बनवणारा कोपर ते मनगट यांच्यात जादा सांधे घालून तो पीळ वाटून देतो. माणसाचा हात फिरतो तेव्हा मनगट एकटं फिरत नाही, पुढच्या हाताची दोन हाडं एकमेकांवर येतात, हे ज्याने हात बघून बघून काढलाय त्याला आधीच ठाऊक असतं. बाकीच्यांचे पिळवटलेले हात रोज दिसतात.

एवढं करून रेंडर, म्हणजे मशीनने प्रत्येक फ्रेमचं प्रकाश-सावलीसकट अंतिम चित्र काढणं, उरतोच. 10 सेकंदांचा शॉट म्हणजे 240 फ्रेम. एका फ्रेमला तास लागला तर एकाच मशीनवर 10 दिवस. दहाव्या दिवशी सावली चुकलेली दिसली, की बसा परत.

हे मी माझ्या पदरचं सांगत नाही. जॉन लॅसेटर यांचा 1987 च्या सिग्राफ या कॉम्प्युटर ग्राफिक्सच्या परिषदेतला निबंध वाचा. मुळात डिस्नेत हाताने काढायला शिकलेला हा माणूस तेव्हा पिक्सारमध्ये होता. 1930 च्या दशकात डिस्नेत घडलेली तत्त्वं, म्हणजे चेपणं-ताणणं, वेळ, वक्र वाट, हालचालीआधीची तयारी, थ्रीडीलाही जशीच्या तशी लागू आहेत आणि ती कळल्याशिवाय कॉम्प्युटरवर चांगलं अॅनिमेशन होत नाही, हे त्यात चित्रांसकट मांडलंय. 'टॉय स्टोरी' या पूर्ण कॉम्प्युटरवर बनलेल्या पहिल्या मोठ्या सिनेमाच्या आठ वर्षं आधी! पुढे 2010 च्या 'टँगल्ड'मध्ये हाताच्या अॅनिमेशनमधले डिस्नेचे मुरलेले ग्लेन कीन यांनी अॅनिमेटरांच्या कॉम्प्युटरवरच्या शॉटवर हाताने रेखाटून दुरुस्त्या दाखवल्या. 'मोआना'तल्या माउईच्या अंगावर हलणारं गोंदण हाताने काढणारे अॅनिमेटर एरिक गोल्डबर्ग यांच्या देखरेखीखाली हातानेच काढलेलं.

'सिनेमे पडले' यात अर्धं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. 2002 चा 'ट्रेझर प्लॅनेट' सुमारे 14 कोटी डॉलर खाऊन 11 कोटींच्या आसपास थांबला. पण त्याच वर्षी हाताचाच 'लिलो अँड स्टिच' 8 कोटींत बनून 27 कोटींवर गेला. खापर पेन्सिलीवर फोडलं गेलं. 2004 मध्ये डिस्नेचा ऑर्लँडोचा स्टुडिओ बंद झाला, माणसं घरी गेली, हेही खरं. आणि कॉम्प्युटरमुळे काम स्वस्त झालं असं कुणी म्हणत असेल, तर 'टँगल्ड'चा खर्च 26 कोटी डॉलर छापून आलेला आहे.

राहिला चित्रकलेवरच्या पैशांचा मुद्दा. आपल्या शेजारी पवईला आयआयटीत अॅनिमेशनचं एम.डेस., म्हणजे डिझाइनची पदव्युत्तर पदवी, आहे. तिथे जायचं तर सीड ही प्रवेश परीक्षा, आणि बारावीनंतरच्या बी.डेस.साठी यूसीड. दोन्हींच्या भाग ब मध्ये कागद-पेन्सिल घेऊन चित्र काढावं लागतं. तिथे कुठलं सॉफ्टवेअर उघडणार?

तरीही थ्रीडीच्या क्लासला घालायचंच असेल, तर फी भरण्याआधी तिथल्या विद्यार्थ्याने केलेला उसळता चेंडू मागा, सोबत त्याचा ग्राफ. चकचकीत मोटारीचं मॉडेल दाखवून चेंडूचा विषय टाळला, तर उठून या. आणि मुलीला 100 पानी वही द्या. उजव्या पानांच्या कोपऱ्यात तोच चेंडू, पानागणिक एक चित्र, जमिनीजवळ चित्रांमधलं अंतर मोठं आणि वर लहान. पानं फरफर सोडली की चेंडू टेकताना रेंगाळतो की आपटतो ते तिला तिथल्या तिथे दिसेल.