टोबा फुटला, पण जग गोठलं नाही

बर्फाखाली गेलेल्या जगाच्या विज्ञानकथेची चर्चा निघाली की एक मजकूर हमखास फिरू लागतो. ‘यात काल्पनिक काही नाही. ७४ हजार वर्षांपूर्वी सुमात्रातला टोबा ज्वालामुखी फुटला. दहा वर्षं ऊन पडलं नाही, पृथ्वी गोठली, भारतातली माणसं संपली. जगभरात जेमतेम काही हजार उरली, आपण त्यांचेच वंशज.’ कथांबद्दल माझी तक्रार नाही, मीही त्या आवडीने वाचतो. पण कल्पनेला इतिहासाचं प्रमाणपत्र द्यायचं तर एकेक वाक्य तपासायला हवं.

स्फोट झाला, तो प्रचंड होता, हे खरं. सुमारे १०० किलोमीटर लांबीचं टोबा सरोवर त्यातूनच तयार झालं. राख भारतभर पसरली आणि तिचे काचकण दक्षिण आफ्रिकेपर्यंत पोचले.

‘दहा वर्षं ऊन पडलं नाही.’ मुळात गारठा येतो तो राखेपेक्षा वर गेलेल्या गंधकामुळे. १९९१ मध्ये फिलिपिन्समधल्या पिनातुबोने जगाचं तापमान साधारण अर्ध्या अंशाने उतरवलं आणि दोन-तीन वर्षांत ते पूर्ववत झालं. टोबा त्याच्या शेकडो पट मोठा, म्हणून गारठाही शेकडो पट, हे त्रैराशिक इथे चालत नाही. गंधकाचे हवेत बारीक थेंब बनतात आणि ते ऊन अडवतात. पण गंधक फार झालं की हे थेंब एकमेकांना चिकटून मोठे होतात. मोठे थेंब ऊन कमी अडवतात आणि लवकर खाली येतात. म्हणूनच संगणकावरच्या प्रतिमानांत कुठे साडेतीन अंशांची घट दिसते, तर कुठे दहाच्या पुढची. दहा अंश म्हणजे हाहाकार, पण तोसुद्धा सगळीकडे सारखा नव्हे.

‘पृथ्वी गोठली.’ पूर्व आफ्रिकेतल्या मलावी सरोवराच्या गाळात टोबाचे काचकण सापडले. त्या थराच्या वर-खाली मोठ्या थंडीची खूण मात्र नाही, हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. इथिओपियातल्या शिन्फा नदीकाठच्या वस्तीवरचं २०२४ चं संशोधन तर वेगळंच सांगतं. तिथे बर्फ नाही, कोरड पडली. नदी आटून डबकी उरली आणि माणसं त्यातले मासे जास्त खाऊ लागली. विज्ञानकथेला याहून चांगला कच्चा माल कुठे मिळणार? पण बर्फापुढे दुष्काळाला कोण विचारतो!

‘भारतातली माणसं संपली.’ इथे मजकूर सरळ तोंडघशी पडतो. आंध्र प्रदेशातल्या ज्वालापुरमला टोबाच्या राखेचा जाड थर आहे. त्याच्या खाली दगडी हत्यारं आहेत आणि वरही बऱ्याच अंशी तशाच घडणीची हत्यारं आहेत. हे २००७ मध्ये पुढे आलं. ती आपल्यासारख्या माणसांची की आधीच्या कुणाची, यावर वाद आहे, पण वस्ती संपली असं त्यातून निघत नाही. मध्य प्रदेशात सोन नदीच्या खोऱ्यातल्या धाबा इथेही स्फोटाच्या आधीपासून नंतरपर्यंत वावर दिसतो. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बंगालच्या उपसागरातल्या गाळातले परागकण आणि मध्य भारतातली जुनी माती, दोन्हींवरून स्फोटानंतर जंगल विरळ होऊन गवताळ प्रदेश वाढल्याचं दिसतं. म्हणजे झळ बसली, आणि चांगलीच बसली.

(पुणे जिल्ह्यात कुकडीकाठी बोरीला ज्वालामुखीची राख आहे. ती दाखवून ‘हा घ्या पुरावा’ म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं. ती राख याच स्फोटाची की कितीतरी जुन्या स्फोटाची, यावर अभ्यासक कित्येक वर्षं भांडताहेत.)

राहिली ‘काही हजार माणसं’. अनुवंशशास्त्रातला दहा हजारांच्या आसपासचा आकडा ‘परिणामी लोकसंख्ये’चा, म्हणजे आजच्या जनुकीय विविधतेवरून गणिताने काढलेला आहे, तो शिरगणतीचा आकडा नाही. प्रत्यक्षातली माणसं त्याहून कितीतरी जास्त असू शकतात. शिवाय तो एका वर्षाचा नसून दीर्घ काळाचा अंदाज आहे. विविधता कमी म्हणजे माणसं कधीतरी फार घटली असणार, असं धरून १९९० च्या दशकात काही संशोधकांनी ही घट टोबाशी जोडली, आणि तेव्हा ती शंका रास्तच होती. पण आफ्रिकेबाहेरच्या लोकांमध्ये जनुकीय विविधता कमी का, याला साधं उत्तर आहे. बाहेर पडलेले गट लहान होते आणि पुढे प्रत्येक स्थलांतरात त्यातलेही थोडेच पुढे गेले. त्यासाठी ज्वालामुखी लागत नाही.