टीनएजर मुलांना घेऊन राहायचं कुठल्या भागात, हे सरळ का सांगत नाही कुणी?

संताप झालाय नुसता. मोठ्या शहराची सहल ठरवायची म्हटलं की तिकिटं निघतात, काय बघायचं त्याची यादी होते, आणि मग राहायचं कुठे या एका प्रश्नावर सगळं घर अडकून पडतं. माझी मुलगी सोळाची, मुलगा तेराचा. रोज रात्री लॅपटॉप उघडायचा, नवरा एक भाग दाखवणार, मी दुसरा, मुलगी तिसऱ्याच गल्लीचा फोटो पुढे करणार, आणि शेवटी सगळे वैतागून झोपायला जाणार. आमचं आपसात पटत नाही म्हणून हे होत नाही. निवड करायला जी माहिती लागते ती कुणी देतच नाही, म्हणून होतं.

"कुटुंबासाठी उत्तम" असा शिक्का मारलेली जागा उघडून बघा. पाळणा मिळेल, उंच खुर्ची मिळेल, उथळ तलाव, रंगीत ठोकळ्यांचा कोपरा, प्लगच्या भोकांना झाकणं. हे सगळं पाच वर्षांच्या आतल्यांसाठी. मग "तरुणाईचा आवडता परिसर" बघावा, तर खाली पहाटे तीनपर्यंत चालणारे बार. रांगणाऱ्या बाळाची सोय आहे, पंचविशीतल्या टोळक्याची सोय आहे. बारा ते सतरा वयाच्या पोरांचा विचार एकानेही केलेला नाही.

पैसे घेताना मात्र हीच पोरं लगेच मोठी होतात. बऱ्याच हॉटेलांत बाराच्या पुढचं मूल पूर्ण माणूस म्हणून मोजतात. वर खोलीत दोन किंवा फार तर तीन माणसं, असा नियम. म्हणजे दोन खोल्या. त्या शेजारी शेजारी मिळतील याचीही खात्री नाही, "विनंती नोंदवली आहे" एवढंच उत्तर. दोन खोल्यांचं भाडं शहराच्या मध्यात झेपत नाही, म्हणून माणूस नकाशावर बाहेर बाहेर सरकत जातो. चौघांचं कुटुंब मेट्रोच्या शेवटच्या टोकाला जाऊन का पडतं, त्याचं कारण या खोल्यांच्या हिशोबात आहे. आणि तिथे जाऊन पडल्यावर सहलीची पार वाट लागते.

कारण टीनएजर मुलांबरोबरची सहल वेगळी असते. ती दिवसभर आपल्या मागे मागे येत नाहीत, आणि त्यांनी यावंही का? सोळा वर्षांच्या मुलीला दोन तास एकटीने फिरायचं असतं. मुलाला तिसरं संग्रहालय नको असतं, त्याला खोलीवर जाऊन पडायचं असतं. अशा वेळी एकच गोष्ट कामाची ठरते: मूल स्वतःच्या स्वतः खोलीवर परत येऊ शकतं का? चालत, किंवा गाडी न बदलता दोन-तीन स्टेशनांत, उजेडाच्या आणि माणसांच्या रस्त्याने. याचं उत्तर "हो" असेल तर सगळ्यांची सहल होते. "नाही" असेल तर चार माणसं एका दोरीला बांधल्यासारखी दिवसभर फरफटत राहतात आणि संध्याकाळपर्यंत एकमेकांची तोंडं बघवत नाहीत.

सकाळचं बघा. वयात येताना शरीराचं झोपेचं घड्याळच पुढे सरकतं. रात्री झोप आणणारं मेलाटोनिन उशिरा सुटायला लागतं. अमेरिकेतल्या झोपेच्या डॉक्टरांच्या संघटनेने, अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने, २०१६ साली १३ ते १८ वयाला ८ ते १० तास झोप हवी असं सांगितलंय. म्हणजे सुट्टीत ही पोरं दहापर्यंत उठत नाहीत तो आळस नव्हे, त्यांचं वयच तसं असतं. आम्ही दोघं साडेसहाला जागे. राहायची जागा शहराच्या आत असेल तर आम्ही दीड तास भटकून येऊ, नाश्ता घेऊन येऊ, पोरांना उठवू, सगळे खुशीत. जागा शहराबाहेर तासाभरावर असेल तर बंद खोलीत कुजबुजत बसायचं, नाहीतर त्यांना ओढून उठवायचं आणि दिवसाची सुरुवातच रडारडीने करायची.

आणि तरी जो भेटेल तो सांगतो, "अगं, हॉटेलवर झोपायलाच तर जायचंय, कुठेही राहा!" हे वाक्य ऐकलं की माझं डोकंच फिरतं. मोठ्या होत चाललेल्या मुलांबरोबर हॉटेलवर फक्त झोपायला जात नाही कुणी. दुपारी जातो, फोन चार्ज करायला जातो, रुसून जातो, कपडे बदलायला जातो, पाठ टेकायला जातो. ज्यांची मुलं अजून खांद्यावर आहेत किंवा कधीच घर सोडून गेलीयत, त्यांनी कृपा करून हा सल्ला देऊ नये.

आता अंतरांबद्दल. "केंद्रापासून अमुक किलोमीटर" हे जे लिहितात ते बहुतेक वेळा नकाशावर सरळ रेघ मारून काढलेलं असतं. मध्ये नदी आहे का, रेल्वेचं यार्ड आहे का, चढ आहे का, त्याचा पत्ता नाही. इस्तंबूलमध्ये तर मध्ये बॉस्फरसची सामुद्रधुनी आहे. नकाशावर समोरासमोर दिसणाऱ्या दोन ठिकाणांच्या मध्ये फेरीबोट, पुलावरून जाणारी बस किंवा समुद्राखालून जाणारी मार्मराय रेल्वे घ्यावी लागते. मोठ्या माणसाला त्यात मजा वाटेल. तेरा वर्षांच्या मुलाला "तू हो पुढे खोलीवर" असं तिथे म्हणता येईल का, याचा विचार आईबापालाच करावा लागतो आणि त्या सरळ रेघेतून तो करता येत नाही.

मेट्रोचे नकाशेही असेच दगा देतात. लंडनच्या ट्यूबचा जो प्रसिद्ध नकाशा आहे, हॅरी बेकने आखलेला आणि १९३३ साली छापलेला, त्यात खरं अंतर दाखवलेलंच नाही. कुठून कुठे कसं जायचं ते चटकन कळावं म्हणून केलेली ती आकृती आहे, आणि त्या कामासाठी ती उत्तम आहे. पण राहायची जागा त्यावरून निवडू नये. कॉव्हेंट गार्डन ते लेस्टर स्क्वेअर हे एक स्टेशन, अंतर जेमतेम २६० मीटर. मेट्रोपॉलिटन लाइनच्या टोकाला चॅल्फंट अँड लॅटिमर ते चेशम हेही एकच स्टेशन, अंतर सहा किलोमीटरांच्या वर. कागदावर दोन्ही ठिकाणी एकच टप्पा दिसतो. "मेट्रोने फक्त काही स्टेशनं" असं जाहिरातीत लिहिणाऱ्याला हे माहीत असतं आणि तरी तो मिनिटं लिहीत नाही.

स्टेशनजवळ असणं हीसुद्धा एक थाप होऊन बसलीय. टोकियोचं शिंजुकू हे जगातलं सर्वांत वर्दळीचं स्टेशन, त्याला दोनशेहून जास्त बाहेर पडायचे रस्ते आहेत. "शिंजुकूपासून पाच मिनिटं" म्हणजे नेमकं कुठल्या दारापासून? चुकीच्या दाराने वर आलं तर ती पाच मिनिटं सहज पंचवीस होतात. त्यातही पूर्वेच्या बाजूने बाहेर पडून थोडं चाललं की काबुकिचो लागतं, टोकियोची रात्रीच्या धंद्यांची वस्ती, आणि तिथे हॉटेलं भरपूर. फ्रँकफर्टच्या मुख्य स्टेशनसमोरचा भाग वेश्यावस्ती आणि अमली पदार्थांच्या उघड्या व्यवहारासाठी वर्षानुवर्षं ओळखला जातो, आणि हॉटेलांची गर्दी तिथेच. हॅम्बुर्गला रीपरबान तसंच. तिथे राहणाऱ्या माणसांना नावं ठेवायची नाहीत मला, आणि एकट्या फिरणाऱ्या मोठ्या माणसाला तो भाग चालेलही. पण सोळा वर्षांच्या मुलीला घेऊन जाणाऱ्या आईला हे पैसे भरायच्या आधी कळायला हवं. "वाहतुकीच्या दृष्टीने अत्यंत सोयीचं" एवढ्यावर बोळवण करायची नाही.

रात्रीचं तर कुणी बोलतच नाही. शेवटची गाडी किती वाजता, ही मोठ्या होत चाललेल्या मुलांच्या सहलीतली सगळ्यात महत्त्वाची माहिती. न्यूयॉर्कचा सबवे चोवीस तास चालतो. टोकियोत रात्री एकच्या सुमाराला गाड्या थांबतात त्या पहाटेपर्यंत. लंडनमध्ये रात्रभर चालणारी ट्यूब २०१६ साली सुरू झाली, तीही फक्त शुक्रवार-शनिवारी आणि फक्त पाच मार्गांवर. पॅरिसची मेट्रो आठवड्यातल्या इतर रात्री सव्वाएकच्या आसपास बंद होते, शुक्रवारी-शनिवारी तासभर जास्त चालते. कार्यक्रम संपायला उशीर झाला आणि राहायची जागा टोकाला असली, की चौघांनी रात्री टॅक्सी शोधत फिरायचं. ज्या भागात राहायचं त्या भागाची शेवटची गाडी कितीची, हे खोलीच्या वर्णनात एका ओळीत मावतं. ती ओळ मला आजवर एकाही जाहिरातीत दिसलेली नाही. उशांचे प्रकार मात्र सविस्तर लिहिलेले असतात!

भाड्याच्या फ्लॅटांची कथा आणखी वाईट. नेमका पत्ता पैसे भरल्याशिवाय दाखवतच नाहीत, नकाशावर एक मोठं वर्तुळ काढून ठेवतात. त्या वर्तुळात शांत बाग पण असते आणि हमरस्त्याखालचा बोगदा पण असतो. मालकाच्या सुरक्षिततेसाठी पत्ता झाकायचा, हे मी समजू शकते. पण मग विचारलेल्या प्रश्नाला तरी धड उत्तर द्या. एका मालकाला मी सरळ विचारलं होतं, "रात्री नऊनंतर स्टेशनपासून घरापर्यंतच्या रस्त्यावर दिवे आहेत का? दुकानं उघडी असतात का? सोळा वर्षांची मुलगी एकटी चालत येईल का?" उत्तर आलं, "परिसर खूप छान आहे, सगळे पाहुणे खूश असतात." मी पाहुण्यांचं विचारलं नव्हतं, रस्त्याचं विचारलं होतं. पुन्हा विचारलं, तर तेच उत्तर पुन्हा, खाली हसरा चेहरा.

अभिप्राय वाचावेत तर तेही जोडप्यांचे. "शांत गल्ली" असं एकजण लिहितो. ती शांत आहे कारण रात्री तिथे चिटपाखरू नसतं, आणि मला नेमकी तीच गल्ली नकोय. मला थोडी वर्दळ हवी, कोपऱ्यावर उशिरापर्यंत उघडं दुकान हवं, बसथांब्यावर माणसं हवीत. दुसरा लिहितो "चैतन्याने भरलेला परिसर", आणि खालच्या मजल्यावर नाइटक्लब निघतो. यांपैकी एकालाही मूल एकटं पाठवून बघायची वेळ आलेली नसते, मग त्यांच्या पाच ताऱ्यांचं मी काय करू?

सोपं करून सांगता येत नाही, असं मला कुणी सांगू नये. पॅरिसमध्ये शहराचे वीस विभाग आहेत, मध्यातून सुरू होऊन गोगलगायीच्या पाठीसारखे फिरत बाहेर जातात, आणि पिनकोडचे शेवटचे दोन आकडे म्हणजे त्या विभागाचा क्रमांक. ७५००४ म्हणजे चौथा, मध्यात. ७५०१९ म्हणजे एकोणिसावा, कडेला. हे एकदा कळलं की कुठल्याही खोलीचा पत्ता बघून ती साधारण कुठे पडते ते समजतं. एवढी साधी गोष्ट, मुलांनाही पाठ होते, हरवली तर त्यांना आपला विभाग सांगता येतो. पण "पॅरिसमधले दहा मोहक परिसर" असले लेख कित्येक वाचले मी, हे एका लेखात नीट सांगितलेलं नव्हतं. खिडकीतल्या फुलांचे फोटो तेवढे पानोपानी.

आणि मुलांना या निवडीत धरत नाहीत, त्याचाही राग येतो. जागा आपण ठरवायची आणि पोरांनी मुकाट यायचं, हे या वयात चालत नाही. माझ्या मुलीने रस्त्यावरून काढलेले फोटो दाखवणाऱ्या नकाशावर स्टेशनपासून दारापर्यंतचा रस्ता पावलापावलाने बघितला आणि सांगितलं, "आई, इथे एका बाजूला नुसती भिंत आहे, मी नाही रात्री इथून येणार." जाहिरात लिहिणाऱ्याने, अभिप्राय देणाऱ्याने आणि मालकाने जे सांगितलं नाही ते तिने दहा मिनिटांत शोधलं. मुलाने मध्ये किती वेळा गाडी बदलावी लागते ते मोजलं आणि दोनदा बदलायची प्रत्येक जागा बाद केली. बरोबर केलं त्याने. दमलेलं पोर एका गाडीत बसून परत येऊ शकतं, पण गर्दीच्या जंक्शनवर अनोळखी भाषेतल्या पाट्या वाचत भुयारं पालथी घालू शकत नाही.

आता आम्ही ठरवलंय, एक रात्र कमी राहू, खोल्या लहान घेऊ, पण स्टेशनच्या ज्या दारापासून चालायचं त्या दाराचं नाव आणि शेवटच्या गाडीची वेळ जो लेखी कळवेल त्याच्याकडेच पैसे भरू. तीन ठिकाणी तसं लिहून विचारलंय. दोघांनी सकाळचा नाश्ता मोफत असल्याचं कळवलं. तिसऱ्याने अजून उत्तर दिलेलं नाही.