तरंगायचं असेल तर तेवीस किलो

स्कूबा डायव्हिंगच्या कोणत्याही जाहिरातीत माणूस निळ्याशार पाण्यात आडवा तरंगत असतो. त्याला वजन नसतं, घाई नसते आणि हातात बॅग नसते. ती बॅग कुठे राहिली, कुणी उचलली, चेक-इनच्या काउंटरवर तिचं काय झालं, हे जाहिरातवाले दाखवत नाहीत. दाखवलं तर निम्मी जनता बुद्धिबळाकडे वळेल. पट घडी होतो, सोंगट्या हलक्या असतात आणि हत्ती-उंटांनासुद्धा कुणी काट्यावर चढवत नाही.

हिशेब साधा आहे, तरी तो कधी जुळत नाही. फुगवायचं जाकीट, म्हणजे बीसीडी, साडेतीन किलो. रेग्युलेटर, म्हणजे टँकमधली हवा तोंडापर्यंत आणणारं यंत्र, त्याच्या नळ्या आणि गेज धरून तीनच्या आसपास. पायात चढवायच्या फिन्सची, म्हणजे लांब पंखांची, जोडी दोन. पाच मिलिमीटर जाडीचा रबरी पोशाख, म्हणजे वेटसूट, कोरडा असताना अडीच. ओला असताना विचारू नये. बूट, मास्क, टॉर्च, डाइव्ह कॉम्प्युटर, रील, वर येताना सोडायचा तो लांबुळका नारिंगी फुगा, ही किरकोळ मंडळी मिळून आणखी दोन-अडीच. बेरीज तेराच्या पुढे गेली. पुष्कळ विमान कंपन्या एका बॅगेला २३ किलो देतात. म्हणजे दहा किलो शिल्लक राहिले, असं वाटून जो हुरळतो, त्यानं अजून रिकाम्या बॅगेचं वजन केलेलं नसतं. ‘खास डायव्हर्ससाठी’ बनवलेली दणकट बॅग रिकामी असतानाच पाच-सहा किलो भरते. उरले चार. त्यात कपडे, चपला, औषधं, चार्जर आणि एक जाडजूड पुस्तक. ते वाचलं कधीच जात नाही, पण बॅगेतून काढायला हातही धजत नाही.

यातली खरी थट्टा पुढे आहे. वेटसूटच्या निओप्रीन रबरामध्ये वायूचे बारीक बुडबुडे कोंडलेले असतात, त्यामुळे वेटसूट घातलेला माणूस काही केल्या बुडत नाही. मग त्याच्या कमरेला शिसं बांधावं लागतं. नशिबानं शिसं आणि टँक जिथे डाइव्ह करायची तिथेच मिळतात. (स्वतःचाच टँक न्यायचा हट्ट असेल तर व्हॉल्व्ह काढून, आतून रिकामा दाखवून न्यावा लागतो. तरीही तो नेणारे लोक असतात. त्यांच्याशी वाद घालू नये.) तर, शंभर ग्रॅम वाचावेत म्हणून निघताना टूथपेस्ट दाबून अर्धी करणारी व्यक्ती दुसऱ्या दिवशी सकाळी बोटीवर उभी राहून म्हणते, ‘‘अहो, मला अजून एक किलो द्या ना, कमी पडतंय.’’ ही व्यक्ती मी आहे.

कूस्तो आणि गान्याँ या दोघा फ्रेंच माणसांनी अ‍ॅक्वालंग, म्हणजे टँकमधल्या हवेवर पाण्याखाली श्वास घ्यायचं यंत्र, बनवलं ते १९४३ साली. बर्नार्ड सॅडो यांना चाकांच्या सुटकेसचं अमेरिकी पेटंट मिळालं ते १९७२ साली. रॉबर्ट प्लाथ नावाच्या वैमानिकानं बॅग उभी करून तिला दोन चाकं आणि लांब दांडी दिली ती १९८७ मध्ये. म्हणजे पाण्याखाली आरामात श्वास कसा घ्यायचा हा प्रश्न आधी सुटला, आणि ते सामान पाण्यापर्यंत कसं न्यायचं याचं उत्तर यायला आणखी काही दशकं गेली. मधल्या काळातल्या डायव्हर्सचे खांदे कसे असतील, याचा विचार मनात आला की मी माझ्या दांडीला नमस्कार करते.

नवी बॅग घ्यायची ठरल्यावर मी दुकानात एका हातात फिन घेऊन गेले. दुसरा इलाजच नव्हता. केबिन बॅगेची उंची बहुतेक ठिकाणी ५५ सेंटीमीटर धरतात आणि माझी फिन त्याहून चांगली वीतभर मोठी. ती फक्त मोठ्या बॅगेत मावते आणि तिथेही कोपऱ्यातून कोपऱ्यात, तिरकी. छापील मापांवर माझा विश्वास नाही. ती मापं बाहेरून घेतलेली असतात. आतमध्ये दांडीच्या नळ्या आणि चाकांचे उंचवटे किती जागा खातात ते कुणी छापत नाही.

विक्रेत्यानं फिनकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत फिनकडे.

‘‘मॅडम, हे बॅगेत ठेवणार?’’

‘‘हो. अशा दोन आहेत.’’

त्यानं एक चकचकीत पॉलिकार्बोनेटची बॅग पुढे ओढली, जमिनीवर आडवी ठेवली आणि मी नको म्हणायच्या आत तिच्यावर उभा राहिला. ‘‘बघा. काही होत नाही.’’ वर उभ्या उभ्या त्यानं दोनदा हलकीशी उडीही मारली. मी म्हटलं, ‘‘फारच छान, पण तुम्ही माझ्याबरोबर येणार आहात का?’’ तो उतरला. त्यानं बॅग उघडली, मी फिन तिरकी घातली, ती बसली आणि झाकण बसेना. त्यानं जोर लावला. मी माझ्या फिनच्या बाजूनं ओरडले. शेवटी बॅगेनं माघार घेतली.

तशी ती बसली असती तरी मी ती घेतली नसती, हे त्याला सांगितलं नाही. कडक बॅगेचा दोष असा की ती रिकामी झाली तरी तेवढीच राहते. लायव्हअबोर्ड, म्हणजे जिच्यावरच राहून डाइव्ह करायची अशा बोटीवरच्या खोलीत दोन बंक असतात आणि दोघांमध्ये एक माणूस तिरका उभा राहील एवढी जमीन. तिथे कडक सुटकेस आणली की तिला बंक द्यायचा की स्वतः झोपायचं, एवढाच प्रश्न उरतो. मऊ बॅगेची गुंडाळी होते आणि ती बंकखाली सरकते. शिवाय बीसीडी आणि वेटसूट हेच मुळी जाड आणि गुबगुबीत. त्यांच्यामध्ये मास्क आणि टॉर्च खुपसले की त्यांना आणखी कवच कशाला?

चाकांबद्दल मात्र मी हट्टी आहे. चार फिरत्या चाकांची बॅग विमानतळाच्या गुळगुळीत फरशीवर बोटानं ढकलली तरी चालते, आणि वाळू लागली की बसकण मारते. धक्क्याच्या फळ्यांमधल्या फटीत त्यातलं एक चाक अडकलं की बाकीची तीन प्रेक्षक होतात. दोनच चाकं हवीत, मोठी हवीत आणि जाड रबराची हवीत. झिप धातूची नको. मिठानं ती एका रात्रीत अशी धरते की बॅग उघडायला कात्री मागावी लागते. तळाला पाणी निथळायला जाळी किंवा छिद्रं हवीत. आणि वर तो लाल चौकोनात तिरका पांढरा पट्टा असलेला डायव्हर्सचा झेंडा मुळीच नको. डाइव्ह करणाऱ्यांना आपण डाइव्ह करतो हे जगाला सांगायची फार हौस, मान्य आहे. पण बॅगेवरच्या त्या झेंड्याचा अर्थ ज्याला चोरी करायची त्याला सगळ्यात आधी कळतो. बॅग कशी हवी? आत जुन्या चादरी आहेत असं वाटायला हवं.

आणि आकार. लांबी, रुंदी, उंची मिळून १५८ सेंटीमीटर, हा बऱ्याच कंपन्यांचा आकडा. डायव्हिंगच्या बॅगा बनवणारे नेमके त्या आकड्याला चिकटून बॅग शिवतात, पण शिवताना ती रिकामी असते. भरल्यावर तिचं पोट सुटतं, आणि आकडा आपल्याला विचारून वाढत नाही.

बॅग घेतली म्हणजे संपलं असं नाही, कारण खरी परीक्षा वाटणीची. रेग्युलेटर, कॉम्प्युटर आणि मास्क मी माझ्याजवळच ठेवते. कपड्यांची बॅग भलत्याच देशात गेली तर माणूस तोच शर्ट धुऊन घालतो. पण दुसऱ्याच्या चेहऱ्यावर बसलेला मास्क आपल्या नाकावर गळतो आणि अनोळखी रेग्युलेटर दातात धरून वीस मीटर खाली जाताना त्याचे पूर्वीचे मालक आठवत राहतात. भरपाईचं म्हणाल, तर १९९९च्या माँट्रियल करारात बॅगेसाठी प्रवाशामागे कमाल मर्यादा ठरलेली आहे. २०२४च्या डिसेंबरअखेरीपासून ती १,५१९ एसडीआर आहे. एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. ते दाखवून बेटावर कुणी फिन्स भाड्यानं देत नाही.

बाकीचा नियम इतका सोपा आहे की हमखास उलटा होतो: कापणारं खाली, पेटणारं वर. चाकू चेक-इनच्या बॅगेत. लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या केबिनमध्ये, टोकांना चिकटपट्टी लावून. शंभर वॉट-तासांपर्यंत सहसा कुणी अडवत नाही, १०० ते १६० पर्यंत कंपनीची परवानगी लागते, त्यापुढे नाहीच. डाइव्ह टॉर्च तर बॅटरी काढूनच न्यायचा, कारण पाण्याबाहेर तो चुकून लागला तर त्याला थंड करायला समुद्र नसतो आणि तो शेजारचं सामान भाजून काढू शकतो.

आता केबिन बॅगेला कित्येक कंपन्या सातच किलो देतात. तीन किलो रेग्युलेटर, वर कॅमेरा, बॅटऱ्या, कॉम्प्युटर, मास्क. यावर जगभरच्या डायव्हर्सनी शोधलेला एकच उपाय आहे, आणि तो अभिनयाचा. बॅग दोन बोटांवर धरायची, खांदा खाली जाऊ द्यायचा नाही आणि चेहरा प्रसन्न ठेवायचा. मला तो बऱ्यापैकी जमतो. सुरक्षा तपासणीत मात्र अभिनय चालत नाही. पडद्यावर रेग्युलेटर कसा दिसतो ते मी एकदा डोकावून पाहिलं: जाड पितळी गोळा आणि त्यातून निघालेल्या, गोल गुंडाळलेल्या चार नळ्या.

‘‘हे काय आहे?’’

‘‘श्वास घ्यायला.’’

‘‘तुम्हाला काही त्रास आहे का?’’

‘‘नाही, नाही. पाण्याखाली.’’

अधिकाऱ्यानं पुढची बॅग थांबवली, दुसऱ्या अधिकाऱ्याला बोलावलं, आणि मला रांगेसमोर नळीचं टोक तोंडात धरून दाखवावं लागलं. मागे उभ्या असलेल्या एका लहान मुलीनं टाळ्या वाजवल्या.

परतीचा प्रवास हा वेगळाच विषय आहे. बरेच दिवस डाइव्ह केल्यावर विमानात बसण्याआधी किमान १८ तास थांबायला सांगतात, शरीरात साठलेला नायट्रोजन निघून जावा म्हणून. माझ्या मते हा नियम वैद्यकांनी केला असला तरी त्याचे खरे लाभार्थी वेटसूट आहेत. १८ तासांत वेटसूट बऱ्यापैकी वाळतो. बूट वाळत नाहीत. बूट कधीच वाळत नाहीत. ते फक्त ओल लपवायला शिकतात आणि वास लपवायला विसरतात.

माझा बडी, म्हणजे पाण्याखालचा जोडीदार, या बाबतीत निर्धास्त माणूस आहे. गेल्या खेपेला काउंटरवर त्याची बॅग काट्यावर चढली आणि आकडा चोवीसच्या पुढे जाऊन थांबला. ‘‘सर, सव्वा किलो जास्त आहे,’’ काउंटरवरची मुलगी म्हणाली. ‘‘शक्यच नाही,’’ हा म्हणाला, ‘‘येताना बरोबर तेवीस होती. मी काही विकत घेतलेलं नाही.’’ ते खरंच होतं. मी त्याला बाजूला घेतलं, बॅग उघडायला लावली आणि बीसीडी हलवून पाहिली. आत डुबुक् झालं.

‘‘अगं, ते राहतंच थोडंसं.’’

‘‘थोडंसं? समुद्राचं पाणी लिटरला किलोहून जास्त भरतं. तू समुद्र घेऊन चाललायस.’’

रिकामी बादली मिळेना. शेवटी त्यानं विमानतळावरच्या कुंडीतल्या झाडाशी बीसीडी उलटी धरली आणि मी नळीचं बटण दाबलं. मग झाड खारं पाणी पिणार नाही हे एका सफाई कर्मचाऱ्यानं आम्हाला मोठ्यानं सांगितलं, आणि आम्ही ती तशीच ठिबकत प्रसाधनगृहाकडे पळवली. सगळं निथळून, पुसून, पुन्हा भरून, रांगेतल्या लोकांची क्षमा मागून बॅग काट्यावर ठेवली. बावीस किलो नऊशे ग्रॅम. बडीनं विजयी मुद्रेनं माझ्याकडे पाहिलं. काउंटरवरची मुलगीही हसली. तिनं चिठ्ठी चिकटवली, बॅग पट्ट्यावरून आत गेली. मग तिची नजर माझ्या दोन बोटांकडे वळली.

‘‘मॅडम, तुमची ती लहान बॅग पण जरा काट्यावर ठेवता?’’