एक खोली मागितली होती

आज संध्याकाळी आमच्या मंडळाच्या बैठकीत एक साधा अर्ज फेटाळला. तळमजल्यावरची मागची खोली, रविवारी संध्याकाळी दीड तास. तिथे गणपतीचं मखर आणि मोडक्या खुर्च्या पडून असतात, बाकी काही नाही. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडण्यासाठी एकमेकांना आधार देणाऱ्यांच्या, ग्रुपला मीटिंगसाठी हवी होती, भाडंही देणार होते. एक काका म्हणाले, "आवारात दारुडे नकोत." दुसरे म्हणाले, "गुजरातेत दारूबंदी आहे, इथे कशाला हवंय हे?" सगळे हसले. मी उठून आले. चपला घालताना हात थरथरत होते.

काका, तुम्ही आमच्याकडे फराळाला यायचात. माझे बाबा याच दारूबंदीत १६ वर्षं पीत होते. त्यांना जाऊन चार वर्षं झाली, आईला विचारूनच लिहितेय.

१९६० साली राज्य झालं तेव्हापासून इथे बंदी आहे. बाटली तरी घरपोच यायची. आली नाही ती मदत. परमिटशिवाय पिणं हाच गुन्हा, मग कोण तोंडाने म्हणणार की मला सुटत नाहीये? बाबा डॉक्टरांनासुद्धा अ‍ॅसिडिटी सांगायचे. डॉक्टरांना कळत नव्हतं थोडंच? "जरा कमी करा" म्हणायचे आणि पुढच्या पेशंटला हाक मारायचे. जायचं कुठे, हे कोणीच सांगितलं नाही.

आम्हाला पत्ता मिळाला तो पुण्याहून. आत्याच्या शेजारचे एक जण मुक्तांगण या तिथल्या व्यसनमुक्ती केंद्रात राहून आले होते. त्यांच्याकडून या ग्रुपचा मुंबईचा नंबर, मुंबईहून बडोद्याचा. स्वतःच्या गावातला पत्ता दोन शहरं फिरून आला! फोनवरचे गृहस्थ म्हणाले, बेटा, पप्पांना फोन दे. त्यांनी बाबांना एकच विचारलं, दारू सोडायची इच्छा आहे का? किती पिता, कधीपासून, काही नाही. तिथे यायला तेवढी एकच अट असते, हे मला नंतर कळलं.

२०१० चा पावसाळा होता. स्कूटरवर मागे बाबांना बसवून मी मीटिंग भरायची त्या शाळेला चार फेऱ्या मारल्या. पाटी नव्हती. पानवाल्याला विचारावं, तर काय म्हणून विचारणार? बाबा मागून सारखे म्हणत होते, "घरी चल, आत पोलीस असतील." चौथ्या फेरीला एका पांढऱ्या केसांच्या आजोबांनी फाटक उघडलं. "मीटिंगमां आव्या छो? उपर, बीजो रूम." पुढे एक शब्द विचारला नाही.

आणि तुम्ही म्हणता दारुडे येतील. काका, जे सोडायला येतात ते येतील! पिणारे काय तुमच्याकडे खोली मागतात?

तो तिसरीचा वर्ग होता. माझे बाबा, हायस्कूलचे गणिताचे मास्तर, त्या चिमुकल्या बाकावर गुडघे छातीशी घेऊन बसले. त्या दिवशी ओपन मीटिंग होती म्हणून मलाही बसू दिलं, एरवी मी जिन्यात थांबायचे. एकेक जण उठून फक्त पहिलं नाव सांगायचा आणि "मी अल्कोहोलिक आहे" म्हणायचा. एक बँकेतले साहेब, एक रिक्षावाले, एक माझ्याहून लहान मुलगा. रजिस्टर नाही, सही नाही, फी नाही. शेवटी कापडी पिशवी फिरली तेव्हा बाबांनी दहाची नोट काढली, आजोबांनी ती परत त्यांच्या खिशात घातली. पहिल्या दिवशी घेत नाही म्हणाले. जन्मभर सोड असं कोणी बोललं नाही. आज नको, उद्याचं उद्या बघू, एवढंच.

सगळ्यांना हे लागू पडत नाही, मान्य. आणि डॉक्टर लागतातच. खूप पिणाऱ्याने एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, भास होतात; बाबांना दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. पण दवाखान्यातून माणूस घरी येतो, आणि मग रविवारची संध्याकाळ असते. ती कुठे घालवायची?

बाबा दोनदा घसरले, पुन्हा प्यायले. दोन्ही वेळा आजोबाच घरी आले, चहा प्यायले, बाबांना घेऊन गेले. त्यांचं आडनाव मला आजही माहीत नाही. आईला घरच्यांसाठीच्या अल-अनॉनला ये म्हटलं, तर म्हणाली, "मी कुठे पिते?" दोन वर्षांनी गेली, आणि परत येऊन कितीतरी वेळ गॅलरीत एकटीच बसली होती. बाबांचा दारू सोडल्याचा पहिला बर्थडे त्याच वर्गात झाला. वय ६१, केकवर मेणबत्ती एक. शेवटची नऊ वर्षं त्यांनी थेंब घेतला नाही.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. हसणाऱ्यांना माहीत नसेल. आम्हीही कधी सांगितलं नव्हतं, चार फेऱ्या मारल्याचं तर आजवर कोणालाच नाही. पुढच्या बैठकीत अर्ज पुन्हा ठेवणार आहे, आणि या वेळी ही गोष्ट सांगूनच ठेवणार आहे.

तोवर, वाचणाऱ्यांत कोणाच्या घरी असं असेल तर १४४४६ ही सरकारी नशामुक्ती हेल्पलाइन आहे. नाहीतर मला मेसेंजरवर नुसतं "कुठे?" एवढं लिहा, बाकी मी काही विचारणार नाही. स्कूटर आहे अजून. फेऱ्या माराव्या लागणार नाहीत, फाटक मला ठाऊक आहे.