ट्रॉलीला इंजिन नाही, पण नंबर लागतो

गळीत हंगाम तोंडावर आला की ऊसपट्ट्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. मजकूर साधारण असा: 'ट्रॉलीला इंजिन नसतं, म्हणजे कायद्याने ती वाहनच नाही. तिला पासिंग (आरटीओची नोंदणी) नको, वेगळा विमा नको, ट्रॅक्टरचे कागद पुरे. शेतीच्या ट्रॉलीला सगळं माफ आहे. फक्त कर्नाटकातल्या कारखान्याला ऊस घालायचा तर तिकडचं पासिंग करावं लागतं.' नको तिथे सूट आणि नको तिथे भीती, असा हा मामला आहे.

इंजिनाचं आधी बघू. मोटार वाहन कायदा 1988, कलम 2(28). 'मोटार वाहन' म्हणजे काय हे सांगताना तिथे ट्रेलरचा, म्हणजे आपल्या ट्रॉलीचा, स्पष्ट उल्लेख आहे, त्यामुळे वाद घालायला जागाच नाही. कलम 61 तर ट्रेलरसाठीच आहे. इतर वाहनांना नोंदणीचे जे नियम तेच ट्रेलरला, आणि वर नंबरही दोन: ट्रॉलीचा स्वतःचा बाजूला आणि ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा मागे. डबल ट्रॉली असेल तर ट्रॅक्टरचा नंबर शेवटच्या ट्रॉलीच्या मागे हवा. आपल्याकडे मागच्या फाळक्यावर 'आईचा आशीर्वाद' ठळक असतो, नंबराची जागा मात्र कोरी. रात्री रिफ्लेक्टर नसलेल्या अशा ट्रॉलीवर कुणी मागून आदळलं, तर पोलिसांनी पंचनाम्यात ट्रॉलीची ओळख काय लिहायची?

विम्याचा मुद्दा जास्त महाग पडणारा आहे. तुमची पॉलिसी काढा आणि पहिलं पान वाचा. ट्रॅक्टरचा नंबर, इंजिन नंबर, चॅसी नंबर असेल. ट्रेलरच्या रकान्यात काही लिहिलंय का? तो रिकामा असेल आणि प्रीमियममध्येही ट्रेलरची रक्कम धरलेली नसेल, तर अपघातानंतर विमा कंपनीचा वकील सगळ्यात आधी तिथेच बोट ठेवणार. 2007 मध्ये सर्वोच्च न्यायालयात ओरिएंटल इन्शुरन्स विरुद्ध ब्रिजमोहन हा खटला गेला. ट्रॅक्टरचा विमा शेतीकामापुरता, ट्रॉलीचा विमाच नाही, आणि खेप वीटभट्टीच्या मातीची. जखमी झालेला मजूर होता. कंपनीवर जबाबदारी येत नाही, असं न्यायालयाने मान्य केलं. मजुराची गरिबी बघून विशेष अधिकारात कंपनीला आधी भरपाई द्यायला लावली खरी, पण ती रक्कम मालकाकडून वसूल करायची मुभाही दिली. म्हणजे शेवटी मालकाच्याच जमिनीवर बोजा. अपघात ट्रॅक्टरमुळेच झाला म्हणून ट्रॅक्टरच्या विमा कंपनीला भरायला लावणारे निकालही आहेत, पण त्या भरवशावर कुणी हंगाम काढू नये. बिनविम्याचं वाहन चालवल्याचा दंड पहिल्या वेळी 2,000 रुपये आहे. भरपाईच्या मानाने तो काहीच नाही.

लायसन्सबद्दल मात्र उगाच घाबरवलं जातं. ट्रॅक्टरचं वैध लायसन्स असलेला ड्रायव्हर मागे ट्रॉली जोडली म्हणून अपात्र ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्येच सांगितलंय.

'सगळं माफ' हे तर अर्धवट ऐकून लिहिलेलं. स्वतःच्या रानातला माल स्वतःच्या ट्रॉलीतून नेणं वेगळं आणि कारखान्याशी करार करून टनावर भाडं घेणं वेगळं. ट्रॅक्टर-ट्रेलरची जोडी माल वाहते तेव्हा ती मालवाहू वाहन ठरते आणि तिला परमिट, म्हणजे वाहतुकीचा परवाना, लागतं, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2005 चा निकाल आहे. तो खटला कर्नाटकातूनच वर गेला होता.

आता सीमेपलीकडचं पासिंग. कलम 46 प्रमाणे एका राज्यातली नोंदणी देशभर चालते. दुसऱ्या राज्यात वाहन सलग 12 महिन्यांपेक्षा जास्त ठेवलं तरच कलम 47 प्रमाणे तिथला नवा नंबर घ्यावा लागतो. हंगाम चार-पाच महिन्यांचा. शिरोळ-कागलची ट्रॉली चिकोडी-निपाणीकडे खेपा करून परत येते, तिला तिथल्या पासिंगची गरज नाही. थर्ड पार्टी विम्यालाही, म्हणजे आपल्या वाहनामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणाऱ्या विम्यालाही, राज्याची हद्द नसते. भाड्याची वाहतूक असेल तर परमिट त्या राज्यात चालतं का आणि तिथला कर लागतो का, एवढं मात्र बघावं लागतं.

राज्य बदलल्याचा खरा त्रास सेकंडहँड ट्रॉली घेताना होतो. अथणीकडून स्वस्तात मिळाली म्हणून लोक रोख देऊन ओढून आणतात. इथे नावावर करायची तर मूळ आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला), म्हणजे फॉर्म 28, हवी. ती विकणाऱ्याकडून पैसे देण्याआधीच घ्या, नंतर तो फोन उचलत नाही. जुना थर्ड पार्टी विमा कायद्याने आपोआप तुमच्याकडे येतो, पण 14 दिवसांत कंपनीला कळवून नाव बदलून घ्यायचं असतं. ट्रॉलीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा असा आपोआप येत नाही. आणि चॅसी नंबर कागदावरच नाही, लोखंडावरही वाचा. गावच्या वेल्डिंगच्या दुकानात दांडी बदललेल्या, वरून रंग मारलेल्या ट्रॉल्यांवर तो सापडतच नाही, आणि मग ना पासिंग होतं, ना विमा.