पिकअपला पिकअप नाही

माळशेज घाट चढताना दुधाच्या किटल्या लावलेल्या एका मोटारसायकलनं मला मागं टाकलं, आणि जाताजाता त्या दूधवाल्यानं वळून बघितलं. मागं टाकल्याचं काही नाही. वळून बघितलं ते लागलं.

गाडी रिकामी होती हो. कल्याणच्या मार्केटला टोमॅटो उतरवून परत निघालेलो, मागं नुसती रिकामी कॅरेट. तरी टोकावडं सोडून चढ लागला की ती दुसऱ्या गिअरमध्ये कण्हायला लागायची आणि असा काळा धूर सोडायची की मागचा एसटीवाला डिपर मारून मारून दमायचा. ओतूरपर्यंत कीर्ती पसरली होती, "त्याच्या पिकअपला पिकअप नाही." यातला पहिला पिकअप कोणता आणि दुसरा कोणता, हे आमच्या भागात शेंबड्या पोरालाही कळतं.

मेस्तरींनी बॉनेट उघडलं, रेस दिली, धुराकडं बघितलं आणि नाडी धरल्यासारखं निदान केलं, "दम लागतोय तिला. डिझेल पोटभर मिळतंय, हवा मिळंना." मग कागदावर खर्चाचा आकडा लिहिला. तो बघून मलाच दम लागला. पण त्यांच्या बोलण्यातला एक शब्द मी घरी घेऊन आलो. हवा. हवा तर फुकट असते. फुकटची वस्तू गाडीच्या तोंडापर्यंत पोचवायला एवढे पैसे कशाला?

त्या रात्री मोबाईलवर अमेरिकेतला एक दाढीवाला भेटला. त्याच्या पिकअपच्या हौद्यात एक कुत्रं, बाकी जागा मोकळी. गडी सुखी होता. त्यानं नळकामाचा पाईप घेतला, दोन एल्बो लावले, बॉनेटखालची गरम हवा बंद करून बाहेरची गार हवा इंजिनाला पाजली आणि म्हशीचं हरीण झालं. इंग्रजी मला निम्मंच कळलं, पाईप मात्र पूर्ण कळला. पाईप हा आम्हा बागायतदारांचा घरचाच विषय.

हिशेबही बिनचूक होता. बॉनेटखाली हवा ६० अंशांवर गेली आणि बाहेर ३० असली, तर तेवढ्याच जागेत गरम हवा साधारण ९ टक्के कमी मावते. मार्केटात व्यापाऱ्यानं शंभरामागं नऊचा कडता कापला असता तर मी गाळा डोक्यावर घेतला असता. इथं इंजिनाला रोज कडता बसत होता आणि ते बिचारं नुसतं धूर सोडत होतं. त्यात अडीच लिटरचं इंजिन दोन हजार आरपीएमला मिनिटाला अडीच हजार लिटर हवा ओढतं, टर्बो दाबून भरतो ती वेगळीच. म्हणजे दोनशे लिटरचे साडेबारा ड्रम, मिनिटाला! माझी बोअर तासाला एवढं पाणी देत नाही.

पाईप घरचाच होता, म्हणजे अण्णांचा, माझ्या वडिलांचा. विहिरीपासून खालच्या वावरात जाणारी ७५ मिलिमीटरची लाईन, जिला आम्ही अडीच इंची म्हणतो, ती उन्हाळ्यात उकलून बांधावर रचून ठेवलेली असते. प्रत्येक नळीवर अण्णांनी लाल ऑईलपेंटनं स्वतःचं अक्षर काढलंय. चोरी झाली तर ओळख पटावी म्हणून. त्यातली एक वीस फुटी नळी मी भर दुपारी, अण्णा झोपलेले बघून, हेक्सा ब्लेडनं कापली. चार फूट घेतले. उरलेली सोळा फुटी ढिगाच्या तळाशी सारली, कापलेलं तोंड आतल्या बाजूला करून. घेतलेल्या तुकड्याला लगेच काळा रंग मारला. गाडीला शोभावा म्हणून, असं मी घरात सांगितलं.

बाकीचं सामान दुकानातून आणलं. दोन एल्बो, सोल्युशनचा छोटा डबा, चार क्लिपा. वरून पाऊस जाऊ नये म्हणून टोपी मागितली, तर दुकानदार म्हणाला, "सेप्टिक टँक आहे का शोषखड्डा?"

"गाडीला लावायचीय."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग आवाज उतरवून म्हणाला, "लांबच्या फेऱ्या असतात का?"

एकूण ४१० रुपये.

मेस्तरींना कुणकुण लागली तसे ते स्वतः आले आणि एक कायदा सांगून गेले. "फिल्टरच्या अलीकडं काय वाटेल ते कर. पलीकडं बोट लावू नको." टर्बोचा पंखा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. फिल्टर आणि टर्बोच्या मधे कुठं फट राहिली आणि एक खडा आत गेला, तर पंख्याच्या पात्यांचं काय होईल ते त्यांनी चिमटीत धरलेल्या तंबाखूवर करून दाखवलं. तोंड वर ठेव, पण मागं वळव, असंही म्हणाले. २६ जुलै २००५ ला मुंबईत बुडालेल्या गाड्या लोकांनी पाण्यातच स्टार्टर मारून कशा संपवल्या, ते सांगितलं. "पाणी दाबलं जात नसतं. पिस्टन वर आला की कुणीतरी वाकायला पाहिजे. पाणी वाकत नाही. मग रॉड वाकतो."

जोडणीत एक अडचण आली. फिल्टरच्या डब्याचं तोंड पाईपापेक्षा केसभर मोठं. पण यावर प्रत्येक शेतकऱ्याच्या घरात उपाय असतो. चिमटभर पाचट पेटवलं, नळीचं टोक जाळावर फिरवत शेकलं, मऊ पडल्याबरोबर डब्याच्या तोंडावर दाबलं आणि वरून ओल्या फडक्यानं आवळलं. असं बसलं की जणू कंपनीतूनच आलंय. एल्बो लावून नळी मडगार्डच्या पत्र्यातून बाहेर काढली, काचेच्या बाजूनं टपापर्यंत नेली आणि वर ती टोपी ठेवली. पत्र्याला भोक पाडताना छातीत धस्स झालं, ते मात्र खरं.

बायको दारात आली. तिनं वरपासून खालपर्यंत बघितलं. "घराला बांधायला दोन वर्षं लावली," म्हणाली, "गाडीला एका दिवसात?"

पण गाडी पळाली! नारायणगावच्या बायपासला तर अशी उचलली की मीच घाबरून पाय काढला. पाईपाचं तोंड कानाजवळ आल्यामुळं टर्बोची शिट्टीही ऐकू यायला लागली. शेजारी बसलेली बायको दर शिट्टीला बोट मोडत होती. तिसरीला म्हणाली, "बंद करा, डाळ शिजली असंल."

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. डबा उघडलाच होता म्हणून मी जुना फिल्टरही बदलला होता. तो दोन वर्षांचा होता. आपटला तर त्यातून मूठभर माती, कांद्याची टरफलं आणि एक वाळलेला नाकतोडा पडला. त्यामुळं पिकअप वाढला तो पाईपानं का नव्या फिल्टरानं, यावर घरात दोन पक्ष पडले. पाईपाच्या पक्षात मी एकटा.

जुलैच्या एका रविवारी माझा पक्ष घाटात फुटला. माळशेजला पर्यटकांनी रस्ता भरलेला, गाड्या मुंगीच्या चालीनं, वरून धबधबे थेट डांबरावर. बॉनेटखालची नळी तापलेल्या टर्बोपासून वीतभर अंतरावरून नेलेली होती. पीव्हीसी ८० अंशांच्या आसपास मऊ पडतो, हे मला माहीत असायला हवं होतं. पाचटावर शेकून तो मीच तर मऊ केला होता! गाडीनं दोन आचके दिले, काळा धूर सोडला आणि नेमकी एका धबधब्याखाली बंद पडली. बॉनेट उघडलं तर नळीचं शिजलेलं पडवळ झालेलं, आणि इंजिनानं आतून ओढ घेऊन ते चपटं करून टाकलेलं. मी धुक्यात, डोक्यावर पाणी, हातात पडवळ. एक मुंबईकर पोरगं म्हणालं, "काका, तो वरचा शॉवर कसा चालू करायचा?"

पडवळ काढून फेकलं आणि डब्याचं तोंड उघडं ठेवून स्टार्टर मारला. गाडी एका दमात घाट चढली. घरी मी हे कुणाला सांगितलं नाही.

पुढं तेवढ्या भागात भंगारातला तारेचा जाड रबरी होज घातला आणि टर्बोपासून लांबून वळवला. त्यात चक्क अण्णांनी लक्ष घातलं. संडासाची टोपी त्यांना बघवेना. गोठ्यामागं पडलेल्या जुन्या ट्रॅक्टरवरची हवेची छत्री त्यांनी काढून आणली. तिच्यात तिरप्या पट्ट्या असतात. हवा आत शिरताना गरगरा फिरते, धूळ कडेला फेकली जाऊन पारदर्शक वाटीत साठते आणि फिल्टरवरचा निम्मा ताप कमी होतो. ती लावल्यापासून अण्णा रोज सकाळी वाटी उघडून माती तळहातावर घेऊन बघायला लागले. "ही मुरबाडची. ही आपली. ही कुठली रे, कुठं गेलतास?"

अशी चार महिने गाडीची आणि आमची सोयरीक सुरळीत चालली. नोव्हेंबरात कांद्याची लागण आली. लाईट रात्रीची. बिबट्याच्या भीतीनं मोठमोठ्यानं बोलत आम्ही बापलेकांनी लाईन जोडत नेली. शेवटची नळी जोडली आणि ती चारीच्या अलीकडंच संपली. अण्णांनी मधली जागा हातानं मोजली. मग नळीच्या तोंडावर बॅटरी मारली. काही बोलले नाहीत. सरळ घराकडं निघाले. मी मागोमाग.

पिकअप अंगणात उभा होता. उन्हापावसानं काळ्या रंगाचे पोपडे उडालेले. अण्णांनी टपाजवळच्या नळीवर बॅटरी धरली, अंगठ्याच्या नखानं एक पोपडा खरवडला, मग दुसरा. खालून लाल अक्षर वर आलं, अर्धं.

"बघ," माझ्याकडं न बघता ते म्हणाले, "खूण करून ठेवली की चोर घरच्या घरी सापडतो."