डबा सडतो, कारण त्यात फक्त ओलंच पडतं

गेल्या काही दिवसांत एकच मजकूर मला तीन वेगवेगळ्या गटांतून आलाय. आशय असा: घरच्या घरी ओल्या कचऱ्याचं खत करणं म्हणजे हौशी लोकांचं खूळ. घरभर वास सुटतो, अळ्या होतात, उंदीर येतात, रोगराई पसरते. विकतचं कल्चर, म्हणजे कुजवणाऱ्या जिवाणूंचं विरजण, घातल्याशिवाय काही कुजत नाही. लिंबाची सालं पडली की सगळा डबा वाया. हे सगळं करायचं कशाला, कचरा डेपोत गेला तरी त्याची मातीच होते की! आणि ज्यांना करायचंच आहे त्यांनी यंत्र घ्यावं, काही तासांत खत हातात.

मजकूर साफ खोटा असता तर सोडून दिला असता. पण लिहिणाऱ्याने एखादा बिघडलेला डबा नक्की पाहिलेला दिसतो. मीही पाहिलाय, माझाच.

पहिल्या डब्याचं झाकण मी बाराव्या दिवशी उघडलं आणि तसंच परत लावलं. आत केळीची सालं, चहाचा चोथा आणि भाज्यांची देठं यांचा काळपट लगदा झाला होता, तळाशी बोटभर पाणी, आणि वास सडक्या अंड्यांचा. तो वास हायड्रोजन सल्फाइडचा असतो आणि त्याचा अर्थ एकच: आत हवा नाही. ओल्या कचऱ्याच्या वजनात ७० ते ८० टक्के पाणीच असतं. तो नुसता साठवला की दबतो, फटी पाण्याने भरतात, हवेवर जगणारे जिवाणू मागे पडतात आणि बिनहवेचे जिवाणू ताबा घेतात. याला सडणं म्हणायचं. खत होतं ते कुजण्यातून, आणि कुजायला हवा लागते.

हवा येते सुक्यातून. वाळलेली पानं, फाडलेला पुठ्ठा, रंग न दिलेल्या लाकडाचा भुसा. त्यांचं दुसरं काम हिशेबाचं आहे. जिवाणूंना नायट्रोजनच्या एका भागामागे कार्बनचे साधारण २५ ते ३० भाग लागतात. स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात ते १५-२०च्या आसपास भरतात, वाळल्या पानांत ५०च्या वर, पुठ्ठ्यात तर काही शे. म्हणून ओलं एक भांडं पडलं की वर सुकं दोन भांडी, आकारमानाने. तराजू नको. मूठभर माल घट्ट पिळून बघायचा: एखाददुसरा थेंब आला तर ठीक, धार लागली तर सुकं घाला, काहीच न येता मूठ उघडताच भुगा झाला तर पाणी शिंपडा. नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास आला तरीही उपाय तोच, सुकं. माझा तो डबा मी तळाचं पाणी काढून टाकून, पुठ्ठ्याचे तुकडे मिसळून, खालीवर करून ठेवला. चार-पाच दिवसांत वास गेला. सुक्याचा वेगळा डबा शेजारी भरून ठेवल्याशिवाय मी आता कुणालाच सुरुवात करायला सांगत नाही.

अळ्या होतात, खरं आहे. मोठ्या, करड्या, चपट्या दिसल्या तर त्या बहुधा ब्लॅक सोल्जर फ्लायच्या. या माशा चावत नाहीत, अन्नावर घोंगावत नाहीत आणि त्यांच्या अळ्या कचरा झपाट्याने खातात. किळस येते हे मान्य, नुकसान मात्र काही नाही. वर उडणारी बारीक चिलटं हवी नसतील तर ओलं कधीच उघडं ठेवू नका, प्रत्येक वेळी सुक्याने झाका.

उंदरांचा मुद्दा मी खोडणार नाही. मांस, मासे, हाडं, दुधाचे पदार्थ, तेलकट उरलंसुरलं टाकलंत तर ते येणारच. लहान डब्यात हे टाकूच नये. जमिनीवर ठेवायचा असेल तर तळाला आणि भोकांना धातूची जाळी, जिची छिद्रं ६ मिलिमीटरपेक्षा मोठी नाहीत. लहान उंदराला याहून फार मोठी फट लागत नाही.

‘रोगराई’ हा शब्द भीती घालायला वापरलाय, पण त्यातही एक दाणा खरा आहे. कुजलेल्या मालात आणि विकतच्या कुंडीमातीतही लिजिओनेला लाँगबीची नावाचा जिवाणू सापडतो, बुरशीचे कणही असतात. कोरडं खत तोंडाजवळ उडवून चाळणं धोक्याचं, विशेषतः दमा असलेल्यांना किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना. खत किंचित ओलसर करून हाताळा, हातमोजे घाला, नंतर हात धुवा. दुसरं, रोगजंतू मारण्याइतकी उष्णता, म्हणजे ५५ अंश सेल्सिअस आणि वर, टिकायला साधारण एक घनमीटरचा ढीग लागतो. बादलीएवढ्या डब्यात ती टिकत नाही. म्हणून कुत्र्यामांजरांची विष्ठा त्यात नको. भाजीच्या देठांसाठी एवढी उष्णता लागतही नाही.

कल्चरबद्दल दोन वाक्यं पुरेत. जिवाणू सालींवर आणि पानांवर आधीच बसलेले असतात. विरजण हवंच असेल तर ओंजळभर बागेतली माती किंवा जुनं खत घाला.

लिंबाच्या सालींची गंमत अशी की ही सूचना मुळात गांडुळांच्या पेटीसाठीची आहे. लिंबूवर्गीय सालींतलं आम्ल आणि तेल जास्त झालं तर गांडुळांना सोसत नाही. कुणीतरी ती उचलून सगळ्याच डब्यांना चिकटवली. कोस्टा रिकात १९९०च्या दशकात संत्र्याच्या रसाच्या कारखान्यातला सुमारे १२,००० टन चोथा आणि सालं एका उजाड कुरणावर ओतली गेली. २०१७ साली संशोधकांनी त्या जागेचा अभ्यास प्रसिद्ध केला, तर शेजारच्या मोकळ्या पट्ट्यापेक्षा तिथल्या झाडोऱ्याचं वस्तुमान १७६ टक्क्यांनी जास्त भरलं. तुमच्या चार साली बारीक चिरून टाका, झालं.

आता ‘डेपोत गेला तरी मातीच होते’. हा मला सगळ्यात जास्त खटकलेला मुद्दा, कारण तो ऐकायला अगदी शहाणा वाटतो. अमेरिकेत अॅरिझोना विद्यापीठाच्या विल्यम राथजे यांनी १९७३ साली कचऱ्याचा पुरातत्त्वज्ञासारखा अभ्यास सुरू केला. पुढे त्यांच्या चमूने डेपो खणले, तेव्हा आतून कित्येक दशकांपूर्वीची वर्तमानपत्रं निघाली, तारखेसकट वाचता येतील अशी. दाबून, झाकून, हवा तोडून ठेवलेला कचरा माती होत नाही. त्यातलं अन्न जे काही सडतं ते बिनहवेचं सडतं आणि त्यातून मिथेन निघतो. १०० वर्षांचा हिशेब धरला तर हा वायू वजनास वजन कार्बन डायऑक्साइडच्या सत्तावीस-अठ्ठावीस पट उष्णता अडवतो. काही डेपोंत तो गोळा करतात, पण सगळा नाही. म्हणजे माझ्या त्या बाराव्या दिवसाच्या डब्यात जे झालं तेच तिथे डोंगराएवढ्या मापाने होतं, फक्त तिथे पुठ्ठा घालून खालीवर करणारं कुणी नसतं.

राहिलं यंत्र. काही तासांत ‘खत’ देणारी बहुतेक घरगुती यंत्रं कचरा तापवून वाळवतात आणि दळतात. आकार घटतो, वासही जातो, सोय आहे यात शंका नाही. पण तो सुकवलेला कचरा असतो. कुंडीत घालून पाणी दिलं की त्यावर बुरशी येते आणि कुजणं तिथून सुरू होतं, रोपाच्या मुळांशी. डब्यातल्या खताला दोन-तीन महिने तरी लागतात, थंडीत आणखी.

ते झालं की नाही हे ओळखायचं असेल तर मूठभर ओलसर खत घट्ट झाकणाच्या बरणीत तीन दिवस ठेवा आणि उघडून हुंगा. ओल्या मातीचा वास आला तर वापरा. आंबट किंवा घाणेरडा आला तर परत डब्यात. माझा सध्याचा डबा या परीक्षेत दोनदा नापास झालाय, बहुधा भुसा जाड पडल्यामुळे. पुढच्या पंधरवड्यात पुन्हा बरणी लावेन.